औषधांच्या वाहतुकीतला घाईचा धूर

हिमाचल प्रदेशातल्या बद्दीच्या कारखान्यातून निघालेली रक्तदाबाच्या गोळ्यांची एक स्ट्रिप मुंबईजवळच्या गोदामात पोहोचते, तेव्हा तिचा सुमारे १७०० किलोमीटरचा रस्ता झालेला असतो. दहा टन माल नेणारा ट्रक लिटरमागे चार किलोमीटर चालतो असे धरले, तर या फेरीला सव्वाचारशे लिटर डिझेल लागते. एक लिटर डिझेल जळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे सगळ्या फेरीचा हिशेब अकराशे किलोच्या आसपास येतो. खोक्यासकट एका स्ट्रिपचे वजन पंधरा ग्रॅम मानले, तर त्या ट्रकमध्ये साडेसहा लाखांहून अधिक स्ट्रिपा बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम पावणेदोन ग्रॅम कार्बन येतो. ट्रक अर्धाच भरला होता आणि परतताना रिकामा आला असे धरले, तरी हा आकडा सात ग्रॅमच्या वर जात नाही. आता तीच एक स्ट्रिप घरी पोहोचवायला कोणी अडीच किलोमीटर दुचाकीवरून गेले आणि परत आले, तर लिटरला पन्नास किलोमीटर चालणारी दुचाकीसुद्धा तेवढ्यात २३० ग्रॅम कार्बन सोडते. हिमाचलपासून महाराष्ट्रापर्यंतच्या सगळ्या प्रवासाला, वाईटात वाईट हिशेबानेही, जेवढा कार्बन लागला, त्याच्या तीसपटीहून जास्त कार्बन या शेवटच्या पाच किलोमीटरांत खर्ची पडतो.

आरोग्यसेवेच्या वाहतुकीतून होणारे उत्सर्जन कमी कसे करायचे, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच विजेच्या गाड्यांकडे वळते. कारखाना जवळ असावा, माल स्थानिक असावा, असाही आग्रह धरला जातो. दोन्ही गोष्टींना अर्थ आहे. पण वरचा हिशेब वेगळेच बोट दाखवतो. अंतरापेक्षा आणि इंधनापेक्षा जास्त नुकसान करते ती अपुऱ्या मालाची, ऐनवेळी काढलेली फेरी. औषधांच्या वाहतुकीत ‘तातडी’ हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की ती तातडी आली कुठून, हे कोणी विचारत नाही. सर्पदंश झालेल्या माणसाची तातडी खरी असते. प्रसूतीत रक्तस्राव सुरू झालेल्या बाईची तातडी खरी असते. मात्र मधुमेहाच्या गोळ्या, सलाईनच्या बाटल्या, हातमोजे, सिरिंज, बँडेज यांची तातडी बहुतेक वेळा रोगातून येत नाही. ती महिनाभर आधी न भरलेल्या मागणीपत्रातून येते. म्हणून माझे म्हणणे असे की आरोग्यसेवेच्या वाहतुकीतला धूर कमी करायचा असेल, तर पहिले काम गाड्या बदलण्याचे नाही, वेळापत्रक लावण्याचे आहे. आणि तेच काम औषधांचा तुटवडाही कमी करते.

या विषयाचे जागतिक आकडे उपलब्ध आहेत. ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ या संस्थेने अरुप या कंपनीच्या मदतीने २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, जगाच्या एकूण निव्वळ उत्सर्जनातला सुमारे ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा आहे, आणि त्यातला जवळजवळ ७१ टक्के भाग पुरवठा साखळीतून येतो. त्यात औषधांचे उत्पादन, वेष्टन, वाहतूक, विल्हेवाट सगळे आले. वाहतूक हा त्यातला एक भाग आहे आणि उत्पादनाचा वाटा तिच्यापेक्षा मोठा आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. पण म्हणून वाहतूक दुय्यम ठरत नाही, कारण वाहतूक बिघडली की उत्पादनावर खर्च झालेला कार्बनही वाया जातो. एका तालुक्यात जे औषध मुदत संपून फेकले जाते आणि शेजारच्या तालुक्यात त्याच आठवड्यात जे मिळत नाही, त्या औषधाचा कच्चा माल, वीज, पाणी, वेष्टन, सगळे फुकट गेलेले असते. शिवाय ते नष्ट करायला पुन्हा भट्टी पेटवावी लागते. गोदामातला चुकलेला हिशेब असा दोन्हीकडून कार्बन वाढवतो.

सरकारी आरोग्य व्यवस्थेत ही घाई तयार कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. उपकेंद्र प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागणी करते, केंद्र जिल्ह्याच्या औषध भांडाराकडे, जिल्हा राज्याकडे. राज्याची निविदा वेळेत निघाली नाही, दरकरार संपला, पुरवठादाराचे देयक थकले, की वरून येणारा ओघ आटतो. मग खालची प्रत्येक संस्था आपापल्या निधीतून स्थानिक खरेदी करते. जिथे जिल्ह्यासाठी एक ट्रक भरून आला असता, तिथे पंधरा-वीस ठिकाणांहून टेम्पो आणि दुचाक्या सुटतात. कुठे प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी दोन खोकी आणायला जिल्ह्याच्या गावी जाते, कुठे रुग्णाचा नातेवाईकच चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या दुकानापर्यंत चाळीस किलोमीटर जातो. या शेवटच्या प्रवासाची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही, पण त्यात पेट्रोल जळते आणि त्या माणसाची मजुरी बुडते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. त्या काळातल्या खरेदीच्या विलंबावर महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले. २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे राहिले. या सगळ्या फेरबदलात चर्चा झाली ती दर, दर्जा आणि दिरंगाई यांची. ती व्हायलाच हवी होती. मात्र माल किती फेऱ्यांत, किती भरलेल्या गाडीतून, कोणत्या दिवशी पोहोचणार, हा प्रश्न कायम पुरवठादाराच्या मर्जीवर सुटला.

हे वेगळ्या पद्धतीने करता येते, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. खरेदी एका ठिकाणी, गोदामे जिल्ह्याजिल्ह्यात, आणि प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक, अशी ती रचना आहे. वर्षाला किती रकमेची औषधे घेता येतील हे पासबुकात नोंदवलेले असते आणि त्या मर्यादेत रुग्णालय जिल्हा गोदामातून साठा उचलते. ही योजना आखणाऱ्यांच्या मनात हवामानबदल नव्हता. त्यांना गैरव्यवहार आणि तुटवडा थांबवायचा होता. तरीही जवळचे गोदाम, आधी ठरलेला वाटा आणि राज्यभरची एक यादी यांमुळे कोणत्याही रुग्णालयाला दहा दुकानांत दहा माणसे पाठवण्याची गरज उरत नाही. लशींच्या बाबतीत तर २०१५ पासून ई-विन ही प्रणाली देशभर पसरत गेली. लशीच्या कोणत्या फ्रिजमध्ये किती कुप्या शिल्लक आहेत आणि आतले तापमान किती आहे, हे मोबाइलवरून कळते. तापमान दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेले तर इशारा मिळतो. लशीची कुपी जर एवढ्या बारकाईने मोजता येते, तर पॅरासिटामॉलची आणि सलाईनची मोजणी का जमू नये? महाराष्ट्रात ई-औषधी ही संगणक प्रणाली आहेच. तिच्यातली नोंद रोजच्या रोज खरी ठेवणे, एवढेच काम बाकी आहे. ते औषध निर्माण अधिकाऱ्याच्या वेळेचे काम आहे, म्हणून तिथली रिक्त पदे भरणे हाही माझ्या मते हवामानाचाच उपाय आहे.

आणि महाराष्ट्राला आगाऊ साठा करणे अपरिचितही नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, मेळघाटातल्या कित्येक वाड्या पावसाळ्यात एकट्या पडतात. अशा आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजनेत पावसाळ्यापूर्वीच धान्य आणि औषधे पोहोचवून ठेवण्याची पद्धत आहे. रस्ता बंद होणार हे नक्की असते, त्यामुळे कोणाला किती लागेल याचा अंदाज मे महिन्यातच बांधला जातो, गाड्या भरून जातात आणि चार महिन्यांची सोय होते. जिथे निसर्गाने दुसरा मार्ग ठेवला नाही, तिथे नियोजन होते. जिथे रस्ता बारमाही आहे, तिथे ‘लागेल तेव्हा मागवू’ ही सवय लागते. राज्यातल्या सर्वांत दुर्गम तालुक्यासाठी जी शिस्त पाळली जाते, ती पुणे आणि नाशिक जिल्ह्यांसाठी अवघड असायचे कारण दिसत नाही.

या मांडणीवरचा पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जिथे रुग्णाला औषध मिळत नाही, तिथे कार्बनचा हिशेब काढणे ही चैन नाही का? दरडोई आरोग्यसेवेचे उत्सर्जन भारतात जगातल्या सर्वांत कमी देशांइतके आहे; मग अमेरिका आणि युरोपने केलेल्या धुराची भरपाई गडचिरोलीच्या रुग्णाने का करावी? हा प्रश्न न्यायाचा आहे, आणि त्याचे उत्तर ‘गप्प बसा, पृथ्वी वाचवा’ असे असू शकत नाही. एखाद्या उपायाने एका जरी रुग्णाला औषध उशिरा मिळणार असेल, तर तो उपाय टाकून द्यावा, असेच मी म्हणेन. परंतु वस्तुस्थिती अशी आहे की तुटवडा आणि धूर हे एकाच दोषाचे परिणाम आहेत. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, हे आपण फार मोठी किंमत देऊन पाहिले. प्राणवायू पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांत होता आणि रुग्ण महाराष्ट्रात तडफडत होते. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले गेले, आणि भरलेले टँकर काही दिवसांनी नागपूर आणि नाशिकला उतरले. इतर ठिकाणी रिकामे टँकर हवाई दलाच्या विमानांतून नेले गेले. त्या दिवसांत जे केले गेले ते योग्यच होते, त्यावर दुमत नाही. पण द्रव प्राणवायूच्या टाक्या जिल्हा रुग्णालयांत आधीच असत्या, टँकरची संख्या आणि त्यांचे मार्ग आधी ठरलेले असते, तर माणसेही वाचली असती आणि रिकामे टँकर विमानात भरण्याची वेळ आली नसती. संकटात धावपळ करून केलेला पुरवठा हा नेहमीच सर्वांत महाग, सर्वांत धुराळ आणि सर्वांत बेभरवशाचा असतो. त्यामुळे रुग्ण आणि हवामान यांना एकमेकांसमोर उभे करणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप गोदामात काम करणाऱ्यांचा आहे, आणि तो व्यवहाराला धरून आहे. फेऱ्या कमी केल्या तर प्रत्येक ठिकाणी साठा जास्त ठेवावा लागेल. साठा वाढला की मुदत संपण्याचा धोका वाढतो. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवायला जागा कुठे आहे? आंधळेपणाने साठा वाढवला तर हे सगळे घडेल, यात शंका नाही. म्हणूनच सगळ्या औषधांना एक नियम लावून चालणार नाही. ज्यांचा खप ठरलेला आहे आणि मुदत दोन-तीन वर्षांची आहे, त्या वस्तू महिन्यातून किंवा दोन महिन्यांतून एकदा पाठवता येतात. लशी, इन्सुलिन, रक्तघटक यांचे चक्र वेगळे राहील. सर्पदंशावरचे प्रतिविष गरजेपेक्षा थोडे जास्तच ठेवावे लागेल, आणि त्यातले थोडे फेकावे लागले तरी ती किंमत योग्य आहे. ‘ज्याची मुदत आधी संपणार ते आधी वापरायचे’ हा नियम प्रत्येक भांडारात पाठ असतो. तो पाळता येतो तो मात्र कपाटात काय आहे हे माहीत असेल तरच. उच्च रक्तदाबाच्या उपचारासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी एक होता. तिथे ठरावीक औषधांचा सोपा क्रम लावून दिल्यामुळे किती रुग्णांना किती गोळ्या लागतील याचा हिशेब बांधणे शक्य झाले, आणि रुग्णाला एका खेपेला तीस दिवसांची औषधे देता आली. टाळेबंदीत एचआयव्हीच्या रुग्णांना अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्याची पद्धतही अवलंबली गेली. जिथे खप माहीत असतो, तिथे कमी फेऱ्यांनी तुटवडा येत नाही.

आता विजेच्या गाड्या. त्यांना माझा विरोध नाही. रुग्णालयाच्या फाटकाशी डिझेलचा धूर सोडत उभे राहणारे टेम्पो जितके लवकर जातील तितके बरे, कारण दम्याच्या रुग्णाला तो धूर तिथेच आणि त्याच क्षणी बाधतो. पण कार्बनच्या हिशेबात त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची? लिटरला पंधरा किलोमीटर चालणारा छोटा डिझेल टेम्पो किलोमीटरमागे सुमारे १८० ग्रॅम कार्बन सोडतो. तेवढ्याच विजेच्या गाडीला चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरमागे साधारण ०.१७ ते ०.२ युनिट वीज लागते. आपली वीज आजही प्रामुख्याने कोळशाची आहे. एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन पडतो. म्हणजे विजेच्या गाडीचे उत्सर्जन किलोमीटरला १२० ते १४० ग्रॅम होते. बचत एक पंचमांश ते एक तृतीयांश. सौर आणि पवन वीज वाढेल तशी ती वाढत जाईल. याउलट आठवड्याला एक तृतीयांश भरून तीन वेळा जाणारा तोच डिझेल टेम्पो पूर्ण भरून एकदाच गेला, तर जास्त वजनामुळे पंधरा टक्के अधिक डिझेल लागले तरी साठ टक्क्यांहून जास्त बचत होते, आणि तीसुद्धा नवी गाडी न घेता. दोन्ही केले तर उत्तमच. पण रिकामी विजेची गाडी दिवसातून चारदा फिरवून आपण काही साधले असे समजणे चुकीचे ठरेल. ड्रोनबाबतही तेच. पालघर जिल्ह्यात २०२१ च्या डिसेंबरमध्ये जव्हारहून झाप गावाला ड्रोनने लशी पोहोचवण्याचा प्रयोग झाला. डोंगरपट्ट्यात सर्पदंशावरचे प्रतिविष किंवा रक्ताची पिशवी नेण्यासाठी ते मोलाचे साधन ठरेल. सलाईनची शंभर खोकी मात्र त्यातून जाणार नाहीत.

सलाईनचा विषय निघाला आहे तर वजनाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आरोग्यसेवेच्या वाहतुकीत आपण पाणी आणि लोखंड फार वाहतो. अर्ध्या लिटरच्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी निर्जंतुक पाणी. ते शिरेत जाते, म्हणून ते कारखान्यातच तयार व्हायला हवे, यात तडजोड नाही. पण ते शेकडो किलोमीटरवरून ट्रकने, आणि तेही तुटक-तुटक खेपांत आणावे का, हा प्रश्न विचारता येतो. जड, स्वस्त, खप ठरलेला, मुदत लांब: रेल्वेने न्यायला आणि जवळच्या उत्पादकाकडून घ्यायला यापेक्षा योग्य वस्तू सापडणे कठीण. डायलिसिससाठी लागणाऱ्या द्रावणाचे कॅन वाहण्याऐवजी भुकटी आणून ती केंद्रातच शुद्ध पाण्यात मिसळण्याची पद्धत उपलब्ध आहे. प्राणवायूच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे नऊ-दहा किलो वायू असतो आणि सिलिंडरचे लोखंड पन्नास ते सत्तर किलो. एवढे लोखंड भरून जाते आणि तेवढेच परत येते. एक लिटर द्रव प्राणवायूपासून साडेआठशे लिटरच्या आसपास वायू मिळतो, त्यामुळे ज्या रुग्णालयाचा खप मोठा आहे तिथे टाकी बसवली की सिलिंडरच्या कित्येक फेऱ्या वाचतात. रुग्णालयातच हवेतून प्राणवायू वेगळा करणारी यंत्रे संकटकाळासाठी हवीतच. पण ती वीज बरीच खातात, म्हणून केवळ वाहतूक टळते एवढ्यावरून त्यांना पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही.

वजन कमी केल्याने उपचार हलका होतो, ही भीती निराधार आहे, याचा सर्वांत मोठा पुरावा भारतीय डॉक्टरांनी दिला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महलानबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. आज ओआरएसचे साडेवीस ग्रॅमचे एक पाकीट एक लिटर द्रावण तयार करते. बाकीचे पाणी रुग्णाच्या घरी असते. जगभर लाखो मुलांचे प्राण वाचवणाऱ्या या उपचाराइतकी कमी वाहतूक लागणारा दुसरा उपचार क्वचितच असेल. औषध कंपन्यांनी आणि खरेदी करणाऱ्यांनी या दृष्टीने आपल्या यादीकडे एकदा पाहावे: कोणत्या वस्तूत आपण औषध नेतो आहोत आणि कोणत्या वस्तूत नुसते पाणी, हवा आणि पुठ्ठा.

खासगी बाजाराची गोष्ट वेगळी आहे, पण दोष तोच आहे. पुण्याची सदाशिव पेठ, नाशिकची गोळे कॉलनी, नागपूरचे गांधीबाग, मुंबईची प्रिन्सेस स्ट्रीट, या घाऊक बाजारांतून औषधे दिवसभर सुटत असतात. दुकानदाराला साठ्यात पैसे अडकवायचे नसतात, म्हणून तो सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक अशी मागणी नोंदवतो, आणि चार स्टॉकिस्टांची चार मुले त्याच गल्लीतल्या त्याच दुकानांत वेगवेगळ्या दुचाक्यांवरून पोहोचतात. इथे स्टॉकिस्टांनी एकत्र येऊन भागवार ठरलेल्या वेळी एकच तीनचाकी विजेची गाडी फिरवली तर त्यांचाच खर्च वाचेल. लांबच्या तालुक्यांसाठी एसटीच्या पार्सलसेवेचा जुना मार्ग अजून उपयोगी आहे. जी बस प्रवाशांसाठी जाणारच आहे, तिच्यातून गेलेल्या हलक्या खोक्याचे वाढीव उत्सर्जन नगण्य असते. या सगळ्याच्या उलट दिशेने जाणारी एक गोष्ट मात्र झपाट्याने वाढते आहे, ती म्हणजे दहा मिनिटांत औषध घरपोच देण्याची स्पर्धा. औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने तिला विरोध केला आहे. त्यांच्या विरोधात व्यवसायाचे हितसंबंध आहेत हे उघड आहे, तरी प्रश्न रास्त आहे. रात्री मुलाला ताप चढला तर दहा मिनिटांत औषध मिळणे हा दिलासा आहे. पण थायरॉइडची, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची गोळी कधी संपणार हे डब्यात पाहिले की कळते. तिच्यासाठी कोणी जिवाची पर्वा न करता सिग्नल ओलांडत येण्याचे कारण नाही. घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांनी नियमित औषधांसाठी ‘उद्या, तुमच्या भागाच्या फेरीत’ हा पर्याय आधी दाखवावा आणि त्यालाच सवलत द्यावी. ग्राहकानेही महिन्याची औषधे एकदम मागवावीत.

हे सगळे सद्भावनेवर सोडून होत नाही, ते करारात लिहावे लागते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२० मध्ये आपल्या उत्सर्जनाचा हिशेब मांडला, तेव्हा ६२ टक्के वाटा पुरवठा साखळीचा निघाला. देशातल्या एकूण रस्ते वाहतुकीपैकी साडेतीन टक्के वाहतूक आरोग्य सेवेशी निगडित असल्याचेही त्यात होते. मग त्यांनी नियम केला: २०२२ पासून खरेदीच्या मूल्यमापनात किमान दहा टक्के भार निव्वळ शून्य उत्सर्जन आणि सामाजिक मूल्य यांना, आणि २०२३ पासून मोठ्या करारांसाठी पुरवठादाराने स्वतःची कार्बन कपातीची योजना देणे बंधनकारक. लंडनच्या गायज अँड सेंट थॉमस रुग्णालयांनी शहराबाहेर डार्टफर्डला एक गोदाम केले. वेगवेगळ्या पुरवठादारांचा माल तिथे उतरतो आणि एकत्र भरून आत येतो. काही माल टेम्स नदीतून बोटीने आणण्याचाही प्रयोग झाला. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, हे खरे. पण माल एकत्र भरायला पैसा फारसा लागत नाही, अधिकार लागतो, आणि तो राज्याच्या खरेदी प्राधिकरणाकडे कायद्याने आहे. छोट्या पुरवठादारांवर कागदपत्रांचे ओझे पडू नये, याची काळजी घ्यावी लागेल. त्यांच्याकडून कार्बनचे अहवाल मागू नयेत. गाडी किती भरली होती आणि किती किलोमीटर आली, एवढे दोन आकडे प्रत्येक चलनावर मागावेत.

महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने पुढच्या दरकरारातच तीन गोष्टी घालाव्यात. जिल्हावार पुरवठ्याचे वर्षभराचे वेळापत्रक जाहीर करावे आणि ते पाळणाऱ्या पुरवठादाराचे देयक ठरलेल्या मुदतीत द्यावे. जड वस्तूंसाठी जवळचा उत्पादक किंवा रेल्वे यांना निविदेत गुण द्यावेत. आणि दर तिमाहीला प्रत्येक जिल्ह्याने किती तातडीच्या स्थानिक खरेद्या केल्या, किती औषधे मुदतबाह्य झाली आणि एका टन मालामागे किती डिझेल लागले, हे लोकांसमोर ठेवावे. त्यातला पहिला आकडा जसजसा खाली येईल, तसतसे उरलेले दोन्ही खाली येतील. यासाठी नवा कायदा लागत नाही, परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. आरोग्यमंत्र्यांनी हा निर्णय येत्या आर्थिक वर्षाच्या खरेदीपूर्वी घ्यावा.